थंड होत जाणारा धूर

नाखवा, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. बॉयलरपाशी तुमच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. कोणी मनाई केलीय असं नाही, पण सकाळच्या पाळीचा माणूस उभ्याउभ्या आकडे बघतो, वहीत लिहितो आणि बाजूला होतो. मी काल त्याला म्हटलं, "अहो, बसा की." तो म्हणाला, "राहू दे मॅडम, बरंय." मीही सोडून दिलं. हल्ली कोणाला काही समजावून सांगायचं म्हटलं की जिवावर येतं. होता नव्हता तेवढा दम तुमच्याशी वाद घालण्यात संपवला, आणि आता तुम्हीच नाही.

नोटीस बोर्डावर तुमचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, 'मनमिळाऊ, कष्टाळू, कर्तव्यदक्ष.' मनमिळाऊ वाचून मला हसू आलं. नव्या माणसाला तुम्ही पहिले सहा महिने जवळ उभं करत नव्हतात. मी या कारखान्यात केमिस्ट म्हणून आले, तेव्हा कंपनीत बाई अशी मी एकटीच, त्यात पुण्याची, त्यात चष्मा. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघून म्हणालात, "मॅडम, हितं हापिस त्या बाजूला हाय." मी म्हटलं, मला भट्टी बघायची आहे. तुम्ही भट्टीच्या बारीक काचेचं झाकण बाजूला केलंत आणि बोट दाखवलंत. आत नुसता पिवळाधमक जाळ होता. "अकराशे डिग्री," तुम्ही म्हणालात, जणू ते तुमच्याच अंगातलं तापमान होतं. "ह्यातून जंतूचा बाप पन वाचत नाय."

आपला धंदाच तो. पनवेल, कळंबोलीपासून थेट उरणपर्यंतच्या दवाखान्यांतल्या पट्ट्या, सुया, सलाइनच्या पिशव्या आणि आजूबाजूच्या कारखान्यांतला चिकट, वास मारणारा गाळ. जे कोणालाच नको असतं ते सगळं बंद गाडीतून आपल्याकडे येणार आणि तुम्ही ते जाळणार. तुम्हाला या कामाची लाज नव्हती. उलट तुम्ही म्हणायचात, "गावाची घान काढतो आमी. घरच्या बाईला कोन इचारतं का, घान का काढते म्हनून?" मी म्हणायचे, बाईलाही कोणी काहीच विचारत नाही, हाच प्रॉब्लेम आहे. मग तुम्ही मान हलवायचात आणि चहा मागवायचात.

चिमणीवर पहिल्यांदा चढवलंत तेही तुम्हीच. धुराचा नमुना घ्यायला वरच्या फळीवर जावं लागतं, आणि मी दहाव्या पायरीवरच कठडा घट्ट धरून थांबले. तुम्ही खाली जाऊन दोर आणलात आणि माझ्या कमरेला अशी गाठ मारलीत की सोडायलाही तुम्हीच लागलात. "होडीची गाठ हाय. मानूस सुटंल, गाठ नाय सुटनार," असं वर सांगून मला आणखी घाबरवलंत. वर पोचलो. एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका, दुसऱ्या बाजूला उलव्याचा, विमानतळासाठी कापून अर्धा केलेला डोंगर, आणि त्याच्या पलीकडे तुमची खाडी. तुम्ही हात लांब करून दाखवलंत, "त्या खारफुटीच्या मागं आमचा गाव. आमचा तांडेल-नाखवापन तिथंच बुडला." बोट वडिलांनीच विकली होती. तुम्ही उभ्या आयुष्यात बोट चालवली नाहीत, तरी सगळी कंपनी तुम्हाला नाखवा म्हणायची, आणि तुम्हालाही ते आवडायचं.

मग बॉयलर आला. भट्टीतून निघालेला तापलेला धूर वाया कशाला घालवायचा, त्यावर पाणी उकळू, वाफ शेजारच्या कारखान्याला देऊ, असा साहेबांचा हिशेब होता आणि तो चुकीचा होता असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं. बॉयलरवर परीक्षा पास झालेला माणूस लागतो. तो तुम्ही होतात. चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शब्द मराठीत लिहून पाठ करून तुम्ही ती परीक्षा दिली होतीत. सर्टिफिकेट फ्रेम करून आणलंत आणि बॉयलरच्या समोरच्या भिंतीवर लावलंत. खंडेनवमीला बॉयलरला हार घातलात, नारळ फोडलात आणि मला म्हणालात, "मॅडम, आता आपन भट्टीवाला नाय. आता आपन बॉयलरवाला." त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा स्वतः होऊन पेढा दिलात.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, तरी मला एकदा सलग सांगायचंय. समोर असताना आपण कधी सलग बोललोच नाही. अर्ध्यावर भोंगा तरी व्हायचा, नाहीतर तुम्ही तरी उठून जायचात.

चिमणीच्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष किती आहे, हे वर्षातून एकदा तपासायचं असतं. बाहेरच्या प्रयोगशाळेची माणसं येतात. ती आधी फोन करतात, तारीख ठरते, आणि तारीख ठरली की आपल्याकडे काय होतं ते आपण दोघंही जाणून होतो. आदल्या दिवशी बॉयलरच्या नळ्या घासून लख्ख करायच्या. त्या दिवशी भट्टीत माल हलका टाकायचा. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं होतं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तसंच सगळे त्याकडे बघायचे. त्या वर्षी मात्र तुमच्या पुतणीचं लग्न होतं, तुम्ही चार दिवस रजेवर होतात, आणि नळ्या घासायचं राहून गेलं. रिपोर्ट आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. साहेबांनी 'नमुना बिघडला असेल' म्हणून पुन्हा तपासणी लावली. तुम्ही नळ्या घासल्यात, दुसरा रिपोर्ट मर्यादेत आला, आणि फायलीत तोच लागला. सही माझी आहे.

दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून मी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात की पहिला खोटा. भट्टी अकराशेच्या खाली एक दिवस उतरली नव्हती. गेटवरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर अख्ख्या गावाला दिसत होतं. मी म्हटलं, भट्टीचा प्रश्नच नाही. भट्टीत विष तुटतंच. पण तो धूर पुढे बॉयलरमध्ये थंड होत जातो, आणि चारशे डिग्रीपासून दोनशेपर्यंत तो जितका वेळ रेंगाळेल, तितका वेळ त्याला नवं विष तयार करायला मिळतो. सामान सगळं तिथेच असतं. नळ्यांवर बसलेली काजळी, सलाइनच्या पिशव्यांमधून सुटलेला क्लोरीन, राखेतलं चिमूटभर तांबं. धूर झटकन गार केला, पाण्याचा फवारा मारून एका क्षणात, तर हे व्हायला सवडच मिळत नाही. आपला बॉयलर त्याला सावकाश, नळ्यांना घासत घासत गार करतो.

तुम्ही माझ्याकडे असे बघत राहिलात, जणू मी तुमच्या स्वयंपाकात मीठ जास्त पडलंय म्हटलं होतं. मग म्हणालात, "जाळला ना मी त्याला? हजाराच्या वर जाळला. मेलेला मानूस परत येतो काय, मॅडम?"

मी हसले. नको होतं हसायला. तुम्ही उठून गेलात आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोललात. मला राग आला होता तो तुमच्या हट्टाचा. तुम्हाला कशाचा आला होता, ते मला फार उशिरा कळलं. पंधरा वर्षं तुम्ही जो जाळ सांभाळलात, ज्याच्यावर तुमची सगळी इज्जत होती, त्याच्या पुढच्याच वळणावर, तुमच्याच बॉयलरमध्ये, तुमचं सगळं काम उलटं फिरतंय असं एक चष्मेवाली बाई सांगत होती.

आठवड्याने तुम्ही स्वतःच आलात. माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून, बूट न काढता. "मॅडम, समजला मना. भरती जोरात असली ना, की पान्यातला गाळ वाहत जातो. पानी मंद झाला, की गाळ बसतो. तसाच हाय ना?" मी म्हटलं, अगदी तसंच नाही, पण जवळजवळ तसंच. "मग तसाच म्हना की. जवळजवळ काय लावलाय." आणि तुम्ही गेलात. दुपारी बघितलं तर बॉयलरच्या वहीत तुम्ही पट्टी लावून एक नवा रकाना आखला होता. भट्टीचं तापमान लिहायला तीन रकाने होते, बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या धुराचं लिहायला एकही नव्हता. इतकी वर्षं कोणाला तो सुचला नव्हता, मलाही नाही. तुमच्या वाकड्या अक्षरात पहिला आकडा होता दोनशे नव्वद.

मी त्याच आठवड्यात कागद तयार केला. बॉयलर बंद करावा, त्या जागी पाण्याच्या फवाऱ्याचा मनोरा बसवावा, पहिला रिपोर्ट लपवू नये. एक प्रत साहेबांना, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. सही केली, तारीख घातली. आणि साहेबांना देण्याआधी तुम्हाला दाखवला. का दाखवला? मला वाटत होतं, तुम्ही शाबासकी द्याल.

तुम्ही तो दोनदा वाचलात. ओठ हलवत वाचायची तुमची सवय. मग विचारलंत, "बॉयलर गेला, म्हंजे बॉयलरवाला पन गेला?" मी म्हटलं, तुम्हाला दुसरीकडे घेतील. तुम्ही म्हणालात, "कुठं? गाडी रिकामी करायला? ह्या वयात?" तुम्ही कागदाची घडी घालून माझ्या हातात दिलीत. "दोन वर्सं आनि थोडी ऱ्हायलीत माझी, मॅडम. मी उतरलो की पाठवा. तोवर नळ्या मी बघतो. काजळीच नाय ऱ्हायली तर इष कशात बसंल?"

मी हो म्हटलं आणि कागद पर्समध्ये ठेवला. तुम्ही फार गळ घातलीत असंही नाही. मी लगेच हो म्हटलं, कारण मलाही नोकरी होती, साहेबांचा चेहरा मलाही आठवत होता, आणि तुमच्या कारणामागे लपायची सोय झाली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत समजत राहिलात की मॅडम आपल्यासाठी थांबल्या.

आणि तुम्ही शब्द पाळलात. महिन्यातून एकदा घासल्या जाणाऱ्या नळ्या तुम्ही दर रविवारी घासायला लागलात. भट्टी उतरवून, दार उघडून, लांब दांडीचा तारेचा ब्रश घेऊन अर्धं अंग आत. मी शहाणपणा करून फिल्टरचा मास्क आणून दिला. तुम्ही तो खिळ्याला टांगलात. "चष्म्यावर वाफ धरतो," म्हणालात, आणि नाकाला रुमाल बांधलात. संध्याकाळी रुमाल झटकायचात तेव्हा करडी पूड उडायची. ज्या राखेत ते विष बसतं असं मीच तुम्हाला शिकवलं होतं, त्याच राखेत तुम्ही दर रविवारी तोंड घालत होतात, आणि मी सोमवारी येऊन वहीतला आकडा बघून म्हणायचे, "छान, उतरला की." डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलंय. जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. बिडी होती, वय होतं, वडीलही असेच गेले म्हणे. राखेमुळे झालं असं मी म्हणू शकत नाही, आणि राखेमुळे झालं नाही असंही मला म्हणवत नाही. मी केमिस्ट आहे, मला याहून जास्त कळायला हवं होतं.

आता मासळीचं सांगते. ते सांगायला सगळ्यात जड जातंय.

तुम्ही दर शनिवारी केळीच्या पानात बांधून काहीतरी आणायचात. कधी बोय, कधी चिंबोऱ्या, आणि वर्षातून एखादवेळी जिताडा, तो देताना तर तुम्ही आजूबाजूला बघून द्यायचात. "वहिनीनं पाठवलाय" असं म्हणायचात, म्हणजे तुमच्याच बायकोला वहिनी म्हणायचात, माझ्या नात्याने. मी ती मासळी आवडीने खायचे. त्या पहिल्या रिपोर्टनंतर मला खाववेना. हे विष चरबीत साठतं, खाडीच्या चिखलातून मासळीत जातं, हे पुस्तकातलं वाक्य ताटात दिसायला लागलं. तुमच्या खाडीतली मासळी कोणी कधी तपासलेली नाही, मीही नाही. त्या खाडीत आपला एकट्याचाच धूर उतरतो असंही नाही. कदाचित काहीच नसेल. पण मी तुमच्याकडून पान घ्यायचे, थँक्यू म्हणायचे, आणि नवीन पनवेलला बिल्डिंगच्या मागे मांजरांना टाकायचे. मांजरांचं काय, हा विचारही मला दोन महिन्यांनी सुचला. पुण्याची माणसं किती पुढचा विचार करतात, ते तुम्ही नेहमी म्हणायचातच.

मग एक दिवस चहा पिताना तुम्ही सहज विचारलंत, "तो गाळ खाडीत पन बसत असंल, नाय?" मी कपात बघत म्हटलं, "असेल." त्या शनिवारी तुम्ही दुधी आणलात. त्यानंतर कधी दुधी, कधी शिराळी, कधी पांढरे कांदे. मासळी पुन्हा आली नाही. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटलं, चला, सुटले.

तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले ती थेट तेराव्याला. उलव्याच्या धुळीतून रिक्षा करून, विचारत विचारत. इतक्या वर्षांत तुम्ही कितीदा बोलावलंत आणि मी कितीदा 'पुढच्या रविवारी नक्की' म्हटलं. दुखवटा काढायचा म्हणून घरात तेरा दिवसांनी मासळी शिजली होती. हिरावहिनींना मी लगेच ओळखलं, पनवेलच्या बाजारात त्यांना बसलेलं मी बघितलं होतं, त्या तुमच्या आहेत हे मात्र माहीत नव्हतं. रडून झालेलं होतं त्यांचं. मांडीवर नात होती, तिला भरवत होत्या. मला पाट दिला आणि आतून झाकलेलं ताट मागवलं.

"तुमचा वेगळा ठेवलाय, मॅडम. कांदा-लसून पन नाय घातला."

मी म्हटलं, का?

"असा काय करताव? तुमी तुळशीची माळ घातली ना! ह्यांनीच सांगितला मना. म्हनले, आता मॅडमला मासळी द्यायची नाय, पाप लागंल."

नाखवा, किती सांभाळून घेतलंत हो मला. मी तुमची मासळी टाकते हे तुम्हाला कळलं होतं, आणि बायकोला वाईट वाटू नये, तिने मला नावं ठेवू नयेत, म्हणून तुम्ही मला माळकरी करून टाकलंत. मला तिथेच रडू आलं. वहिनींना वाटलं, तुमच्या आठवणीने आलं. तेही खोटं नव्हतं.

मग त्यांनी विषय काढला. मला आधीच अंदाज यायला हवा होता. माणूस नोकरीत असताना गेला, की त्याच्या जागी घरातला माणूस लावतात, ही आपल्याकडची रीतच आहे. "जावयाला ह्यांच्या जागी लावा, मॅडम. बॉयलरची परीक्षा पास हाय तो. ह्यांनीच बसवून सगळा पाठ करून घेतलाय. तुमचा शब्द सायेब मोडत नाय." जावई भिंतीला टेकून उभा होता. तुमच्यासारखाच, हाताची घडी घालून.

तुम्ही नोकरीतून उतरायला आठ महिने उरले होते. मी त्या आठ महिन्यांकडे डोळे लावून बसले होते. आता जावई पंचवीस-तीस वर्षं तिथे उभा राहणार, रविवारी नाकाला रुमाल बांधून आत शिरणार, आणि मी त्याच्यासाठी थांबणार. मग मी निवृत्त होणार. कागद पर्समध्येच राहणार. हे सगळं मला त्या पाटावर बसल्या बसल्या दिसलं, आणि इतका थकवा आला की खोटं बोलायचीही ताकद उरली नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मी माळ घातलेली नाही."

आणि सगळं सांगितलं. धूर, नळ्या, राख, कागद, मांजरं. तुमचाच दृष्टांत दिला, भरतीचा आणि गाळाचा. त्यांना तो माझ्यापेक्षा लवकर कळला. त्या मधे एकदाच बोलल्या. "मी बाजारात बसतंय. मासळीचा डोळा बघून सांगतंय, ताजी हाय का शिळी. ह्या इषाला डोळा हाय का?" मी म्हटलं, नाही. मी हेही म्हटलं की कोणी तपासलेलं नाही, कदाचित काही नसेलही. पण ते माझं मलाच पटेल अशा आवाजात म्हणता आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ह्यांना म्हाईत व्हता?"

मी म्हटलं, हो.

"तुमच्या घरची मासळी बंद केली त्यांनी. आनि माझ्या घरची?"

नाखवा, याचं उत्तर तुमच्याकडे होतं. घरी सांगून त्या काय खाणार होत्या, बाजारात काय विकणार होत्या, हा विचार तुम्ही केला असेल. की मी केलं तेच केलंत, दोन वर्षं मागून घेतलीत? तुमचं गुपित मी फोडलं, तेही तुमच्या तेराव्याला, तुमच्या माणसांसमोर. तुम्ही माझं इतकं झाकून ठेवलंत, आणि मी हे केलं. रागवा तुम्ही. हक्क आहे तुमचा.

वहिनींच्या हातात नातीसाठी काटे काढून केलेला घास होता. पोरीने तोंड उघडलं होतं. त्यांनी तो घास ताटाच्या कडेला ठेवला, दुसऱ्या बाजूने डाळभात कालवला आणि तिला भरवला. पोर रडायला लागली, तिला मासळीच हवी होती. जावई बाहेर निघून गेला.

पोरीचं रडं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "कागद कुठं हाय?"

"पर्समध्ये."

"मग हितं कशाला आनलाय? मना वाचता येतो का?"

एवढंच. जावयाचं पुढे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नाही. मी ताट धुवायला घेतलं तर त्यांनी काढून घेतलं. दारापर्यंत आल्या नाहीत.

काल सकाळी मी कागद पुन्हा वाचला. मजकूर होता तसाच ठेवला, फक्त खाली हाताने एक ओळ वाढवली, की फवाऱ्याच्या मनोऱ्यावरही तीन पाळ्यांत जाणकार माणूस लागेल, आणि जावयाचं नाव लिहिलं. होईलच असं नाही. मला जमण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते फार उशिराचं आहे हेही मला कळतं. तारीख मात्र दीड वर्षापूर्वीची होती. ती बदलून नवा कागद काढणं दोन मिनिटांचं काम होतं. मी बराच वेळ कॉम्प्युटरसमोर बसले आणि मग कॉम्प्युटर बंद केला.

दुपारी साहेबांनी वाचलं. रागावले नाहीत, तेही दमल्यासारखेच दिसले. पहिला रिपोर्ट त्यांनाही आठवत होता. चष्मा काढून म्हणाले, "तुमचं म्हणणं बघू आपण. पण आधी ही तारीख बदलून आणा. ही अशीच बाहेर गेली, तर इतके दिवस तुम्ही काय करत होतात, असं पहिल्यांदा तुम्हालाच विचारतील."

मी म्हटलं, "विचारू देत, सर. मंडळाची प्रत मी सकाळीच पोस्टात टाकून आलेय."